मंगळू भोयेचा जबाब

दावा दुसऱ्यांदा फेटाळला गेला तेव्हा वर्षाने साहेबांना विचारलं, "आम्ही तिथं नव्हतो म्हणता, मग नागली कोण पिकवत होतं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिच्या वडिलांना, ढवळूला, बसायला खुर्ची दिली होती, पाणी मागवलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा दोघांकडे वळवला. उपग्रहातून घेतलेला फोटो होता, दोन हजार पाच सालचा. हिरवे-तपकिरी डाग आणि मधून ओढ्याची वाकडी रेघ.

"यात तुमचं शेत दाखवा."

वर्षाने ओढ्याच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं.

"तिथं झुडपं आहेत," साहेब म्हणाले. "शेजारी बघा, बांध दिसतात, कापलेलं शेत दिसतं. त्यांना जमिनीचे पट्टे दिलेच ना आम्ही?"

"त्या वर्षी आमचं शेत ओस होतं. आदल्या हिवाळ्यात फॉरेस्ट गार्डने आमचं खळं जाळलं, शेतावरची राहती झाप जाळली, आम्हाला हाकलून दिलं. आम्ही वीटभट्टीवर गेलो. म्हणून झुडपं दिसतात."

"हे तुम्ही सांगता."

"अख्खा पाडा सांगतो."

"पाडा तुमच्या नात्यातला. निम्मे तर स्वतःच दावेदार आहेत. वर्षाताई, मी काही तुमच्या विरोधात नाही. पण वर पाठवायला माझ्याकडे काहीतरी हवं की नको? बाहेरच्या कोणी सांगितलं असतं, तर गोष्ट वेगळी होती."

वर्षा आदिवासींच्या एका संघटनेचं काम करायची. मोखाडा तालुक्यातल्या किती तरी पाड्यांचे वनहक्काचे दावे तिने तयार करून दिले होते. आदिवासी जी वनजमीन दोन हजार पाच सालाच्या आधीपासून कसतात ती त्यांच्या नावावर करायची, असं कायदा सांगतो. ज्यांना त्याआधी बेकायदा हुसकावलं, त्यांचाही हक्क जात नाही, असंही सांगतो. हे कलम तिला तोंडपाठ होतं आणि ते तिने आत्ता साहेबांना म्हणूनही दाखवलं होतं. साहेबांनी मान डोलावली होती. कायदा मान्य, कलम मान्य, आणि दावा नामंजूर.

जव्हारच्या एसटी स्टँडवर दोघं पोशेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसली. वर्षाचं डोकं भणभणत होतं. आपल्याच बापाचं काम आपल्याच्याने होत नाही, याची तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेचाही राग येत होता. ढवळू विडी न पेटवता नुसती बोटात फिरवत होता.

"बाहेरचा एक माणूस होता की," तो म्हणाला.

"कोण?"

"भोये गार्ड. काडी त्यानंच लावली."

वर्षा त्याच्याकडे बघत राहिली. "तो कशाला सांगेल?"

"मना काय माहीत. पण त्याच्याशिवाय बाहेरचा कोण होता तिथं?"

*

मंगळू भोये निवृत्त होऊन जव्हारलाच राहत होता. मुलगी पुष्पलता शाळेत शिक्षिका. घर तिनेच बांधलेलं, पुढे व्हरांडा, फरशी, तुळशीच्या कुंड्या. वर्षा संघटनेची आहे हे पुष्पलताला कपड्यांवरून कळलं की बोलण्यावरून, कोण जाणे. तिने चहा केला, पण उभ्यानेच बोलली.

"बाबांची तब्येत बरी नसते. तुमचं काय काम आहे ते मला सांगा."

वर्षाने सांगितलं. जाळण्याची गोष्ट आली तेव्हा पुष्पलताने वडिलांकडे बघितलं. भोये खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता. उंच, वाळलेला माणूस, हात अजून मोठे.

"बाबा, हे खरं आहे?"

"मी नोकरी केली," भोये म्हणाला.

"मी ते नाही विचारलं."

"नोकरी केली म्हणतो ना."

पुष्पलता वर्षाकडे वळली. "हे बघा, आम्हीही आदिवासीच आहोत. कोकणा. आम्हाला कोणी काही आयतं दिलेलं नाही. बाबा गार्ड झाले तेव्हा आमच्या गावातले पहिले नोकरदार. आता या वयात कचेरीत उभं राहून त्यांनी सांगायचं की मी बेकायदा काम केलं? उद्या त्यांच्यावरच केस झाली तर संघटना येणार आहे का?"

"येईल," वर्षा म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात."

पुष्पलता चूक बोलत नव्हती. वर्षा उठली. दारात पोचली तेव्हा मागून भोयेने विचारलं, "ढवळू आहे का अजून?"

"आहे."

"आणि ती पोरगी? लहान होती. जाळ बघून हसत होती."

"ती कमू," वर्षा म्हणाली. "माझी बहीण. ती नाही आता." आणि जास्त काही न बोलता ती निघून आली.

घरी तिने आईला सगळं सांगितलं आणि तिथेच चुकली असं तिला नंतर वाटलं. सुकरी तांदूळ पाखडत होती. सूप तिने खाली ठेवलं.

"त्याच्या तोंडून आपलं शेत मागायला गेलीस?"

"आये, दुसरा रस्ता नाय."

"मग नको शेत."

"नको कसं? परत येऊन कसायला लागलो तरी दर पावसाळ्यात जंगलखात्याची माणसं येतात, खड्डे मारतात, झाडं लावतात, आपण खड्डे बुजवतो. मरेपर्यंत हेच करत राहायचं का?"

"त्यानं कणसरी जाळली," सुकरी म्हणाली. "खळ्यात रचलेली, देवी म्हणून पुजलेली नागली. दुसऱ्या दिवशी मळणी होती. त्यांच्या घरी पण कणसरीच पुजतात, नाय का? बाहेरच्यानं जाळली असती तर मी म्हटलं असतं, त्याला काय ठावं."

ती पुन्हा सूप उचलायला गेली, पण हात थांबले. कमूबद्दल ती बोलली नाही. कमूबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. भिवंडीकडच्या भट्टीवर ताप आला, मुकादमाने उद्या बघू म्हटलं, आणि पोर गेली. भट्टीच्या मागे खाडीच्या कडेला तिला पुरलं होतं. वर्षा मोठी झाल्यावर एकदा जागा शोधायला गेली होती. तिथे गोदामं उभी होती.

*

त्यानंतर भोये आपणहून आला.

पोशेऱ्याच्या फाट्यावर उतरून काठी टेकत तो वर्षाच्या कारवीच्या पाड्यापर्यंत चालत आला. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी त्याला लांबूनच ओळखलं. एकेका अंगणातून माणसं उठून उभी राहिली, पण कोणी हाक मारली नाही की वाटही अडवली नाही. तो सरळ ओढ्याच्या वरच्या शेताकडे गेला. ढवळू तिथे पेरणीआधी जमीन भाजायच्या राबासाठी पालापाचोळा पसरत होता.

वर्षाला कोणीतरी सांगितलं म्हणून ती धावत गेली. मागोमाग सुकरी. दोघी पोचल्या तेव्हा दोन्ही म्हातारे शेताच्या मध्यावर उभे होते आणि कुठल्याशा दगडावरून वाद घालत होते.

"खळं या दगडाच्या खाली होतं," भोये म्हणत होता.

"वर होतं. मी सारवलेलं, मना नाय ठावं?"

"मी वरून आलो तेव्हा खळं माझ्या डाव्या हाताला होतं."

"तू वरून नाय आलास. ओढ्यातून आलास. वरून ते दुसरे आले."

भोये विचार करत राहिला. "हां," तो म्हणाला. "ओढ्यातून. बूट भिजले होते माझे."

सुकरी बांधावरच थांबली. आलेल्या माणसाला पाणी विचारायचं असतं, ते तिने विचारलं नाही. वर्षानेही नाही.

"कशाला आलास?" सुकरीने विचारलं.

भोयेने काठी दोन्ही हातांनी धरली. "जागा बघायला आलो. कचेरीत विचारतील, नक्की कुठं, तर सांगता आलं पाहिजे."

"जाणार हायस म्हणजे?"

"बघू म्हणत होतो. आता आलोच आहे तर जातो."

मग त्याने न विचारता सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना तो कोणाकडे बघत नव्हता.

"हुकूम फक्त नोटीस द्यायचा होता. जमीन सोडा म्हणून. तेव्हाचे आमचे साहेब ओढ्यापलीकडे गाडीत बसलेले. मला म्हणाले, तुझीच माणसं आहेत ना, मग तूच जा. मी आलो, तर ढवळू म्हणाला मळणी होऊ दे, मग बघू. मी परत जाऊन साहेबांना तसं सांगितलं. तर ते हसले. म्हणाले, भोये, तू त्यांच्यातलाच राहिलास शेवटी. गाडीतले सगळे हसले." तो थांबला. "जाळ असं कोणी सांगितलं नव्हतं. ते मी केलं. परत इथं आलो आणि केलं."

"हसले म्हणून?" वर्षाने विचारलं.

"हां."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून."

वर्षाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपल्या आत काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. उलट जास्तच चीड आली. गाडीतल्या चार माणसांच्या हसण्यावर आपलं खळं गेलं, बहीण गेली, आणि आता त्याच शेतासाठी या माणसाला सांभाळून घ्यायचं.

सुकरी बांधावरून खाली उतरली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माझी पोर भट्टीवर मेली," ती म्हणाली. "तू जाळलं म्हणून आम्ही भट्टीवर गेलो. ठावं होतं तुला?"

"नव्हतं. तुमच्या पोरीनं परवा सांगितलं, ती नाही म्हणून. कशानं ते नाही सांगितलं."

"आता ठावं झालं."

भोयेने मान हलवली. त्याचे ओठ हलले.

"माफी बोलू नको," सुकरी म्हणाली. "मी ती घेणार नाय. मना नको ती. तिथं जा नि सांग, हे शेत यांचं होतं नि मी जाळलं. ते बोलायचं हाय तुला. दुसरं काय नको."

*

सुनावणी उन्हाळ्यात लागली. तारीख एकदा पुढे गेली, कारण साहेब मीटिंगला मुंबईला गेले होते. पुन्हा गेली, कारण वनखात्याचा प्रतिनिधी आला नव्हता. दोन्ही वेळा ही माणसं पाड्यावरून येऊन व्हरांड्यात बसून परत गेली. एकदा कचेरीच्या आवारात आदिवासी कलामहोत्सवाचा मोठा फलक लागला होता, तारपा वाजवणाऱ्या माणसाचा फोटो असलेला. शिपाई ढवळूला म्हणाला, "बाबा, तुम्ही वाजवता का? माणसं कमी पडतायत." ढवळूने नाही म्हटलं. तो वाजवत असे, पण नाही म्हटलं.

तिसऱ्या वेळी पुष्पलता वडिलांना घेऊन आली. ती कोणाशी बोलली नाही, व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिली.

आत भोये उभा राहून बोलला. किती साली, कुठल्या बाजूने, खळं कुठे, झाप कुठे, सगळं सांगितलं. गाडीतलं हसणं त्याने सांगितलं नाही. "मी काडी लावली," तो म्हणाला, "आणि यांना म्हटलं, परत दिसलात तर आत टाकीन."

खात्याचा प्रतिनिधी, तरुण आणि नीटनेटका, म्हणाला, "अशी कुठली नोंद आमच्याकडे नाही."

"असणार कशी?" भोये म्हणाला. "मी केलीच नाही."

"मग तुम्ही म्हणता ते आम्ही कशावरून धरायचं?"

"मी म्हणतो यावरून."

साहेबांनी दोघांना थांबवलं. "भोये, तुम्ही स्वतःविरुद्ध बोलताय, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतं."

"बरं. नोंद घेऊ. विचार करू. पुढची तारीख कळवू." आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

वर्षा उठली नाही. "जबाब आत्ता लिहून घ्या, साहेब. म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरायचा, असं नियमातच आहे. तुम्ही लिहून घेईपर्यंत आम्ही इथून उठत नाही."

"बाहेर वीस जण थांबलेत, ताई."

"ते थांबतील. ते पण आमचेच आहेत."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि नीलेश नावाच्या कारकुनाला हाक मारली. नीलेशने शेजारच्या टेबलावर बसून टाइप केलं, कागद काढला आणि भोयेपुढे सहीला ठेवला. भोयेने खिशातून चष्मा काढला. सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"यात मी कुठं आहे?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

भोये मोठ्याने वाचू लागला. "'सन २००४ मध्ये सदर ठिकाणी पिकाचे नुकसान झाले व अर्जदार कुटुंब स्थलांतरित झाले.' झाले म्हणजे? आपोआप झाले?"

"अहो, सरकारी भाषेत असंच लिहितात," नीलेश म्हणाला. "अर्थ तोच."

"अर्थ तो नाही. मी जाळलं. यांना मी हाकललं. तसं लिही."

"आजोबा, तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय ते. असं लिहिलं की तुम्हालाही त्रास नाही आणि त्यांचंही काम होतंय."

"होत नाही त्यांचं काम," वर्षा म्हणाली. "'स्थलांतरित झाले' म्हणजे आम्ही आपल्या पायांनी गेलो. बेकायदा हुसकावलं, हे कुठंय यात? उद्या वरची समिती हाच कागद दाखवून आम्हाला परत पाठवेल."

साहेबांनी लांबूनच म्हटलं, "नीलेश, शब्द तेच ठेव. कायदेशीर भानगड नको."

तेव्हा भोयेने कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसला. "मग मी सही करत नाही. आणि उठतही नाही."

बराच वेळ तसाच गेला. बाहेरची माणसं दारातून डोकावू लागली. पुष्पलता आत आली. वर्षाला वाटलं, ती आता बापाला घेऊन जाणार आणि सगळं मुसळ केरात. पुष्पलता नीलेशच्या टेबलाशी गेली आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "यांनी जे सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहा. जबाब त्यांचा आहे. तुमचा नाही."

शेवटी तसं लिहिलं गेलं. 'मी स्वतः जाळले. मी त्यांना हाकलून दिले.' दोन ओळी. भोयेने सही केली, तेव्हा दुपार टळून गेली होती.

बाहेर सुकरी पायरीवर बसलेली होती. वर्षाने तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मना नाय विचारलं कोणी?"

दावा नवरा-बायको दोघांच्या नावाने होता. तिने स्वतः तो तसा भरला होता. इतक्या खेपांत एकदाही कोणी सुकरीला आत बोलावलं नव्हतं, आणि वर्षाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

*

पावसाळ्याच्या तोंडाला साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल वर पाठवली. रोपांची आवणी झाली, नागली वाढली, कापणी झाली. मग पट्टा आला.

वर्षाने तो अंगणात बसून वाचला. दोघांचं नाव होतं. पुढे क्षेत्र लिहिलं होतं, आणि ते वाचून तिने कागद मांडीवर ठेवला. मागितलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. सोबतच्या नकाशात ओढ्याकाठची पट्टी तेवढी रंगवलेली होती. वरचा सगळा उतार, झाप आणि खळ्याची जागा धरून, जंगलात दाखवला होता. भोयेच्या जबाबाचा कुठे उल्लेख नव्हता. मान्य केला असंही नाही, नाकारला असंही नाही.

पाड्यातली माणसं बघायला आली. "मिळालं ना शेवटी," कोणीतरी म्हणालं. "काहीतरी मिळालं."

"काहीतरी कशाला?" वर्षाचा आवाज चढला. "मी काहीतरी नव्हतं मागितलं."

तिने लगेच जव्हारला फोन लावला. पुष्पलताने उचलला. वर्षाने सगळं सांगितलं, आणि अपील करायचं तर दोन महिन्यांच्या आत करावं लागेल, हेही सांगितलं.

"बाबांचा उजवा हात हल्ली चालत नाही," पुष्पलता म्हणाली. "बोलणंही जड झालंय. जिल्ह्याला पालघरपर्यंत नेणं कठीण आहे." मग म्हणाली, "थांबा, त्यांना विचारते."

फोनमधून लांबून बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. सुकरी वर्षाच्या शेजारी येऊन बसली होती.

"काय म्हणतो?" तिने विचारलं.

"विचारतायत अजून. आजारी हाय तो. नाय जमायचं बहुतेक."

"बोलता येतं ना त्याला?"

"थोडं."

"मग गाडी करू. पाडा मिळून करू." सुकरीने हात पुढे केला. "दे इकडं. मीच सांगते त्याला. नि या टायमाला आत मी पण येणार, ते पण सांगते."

वर्षाने फोन तिच्या हातात दिला.